केसवाल्या शास्त्रज्ञांचं मंडळ आणि आमची ट्वायला

४ मार्च, बुधवार

पाठवलं! बटण दाबलं आणि हात स्कर्टला पुसले, जणू काही चोरून आणलंय.

वाचनालयात गेले होते ते तिथल्या संगणकावर ट्वायलाचं नाव बघायला. विद्यापीठाच्या पानावर आमच्या लेकीचं नाव येतं, खाली विषय — नदीतले शिंपले. महिन्यातून एकदा बघून येते. फुकट असतं. आज त्याच पानावर कडेला दिसलं — लांब केसांच्या शास्त्रज्ञांचं मंडळ! ट्वायलाच्या कोलंबस शहरातलंच. घरच्यांनी नाव सुचवलं तरी चालतं म्हणे. शास्त्र हवं, केस हवेत, फोटो हवा.

माझ्या मुलीकडे तिन्ही आहेत. आमच्या चर्चमध्ये बाईच्या केसांना जन्मात कात्री लागत नाही. ट्वायलाचे तर गुडघ्याखाली. पर्समध्ये तिचा फोटो असतोच — न्हाऊन मागच्या पायरीवर केस वाळवत बसलेली, शिकायला कोलंबसला जाण्याआधीची. ग्रंथपालबाईंनी तो यंत्रावर ठेवून आत घालून दिला.

शेवटी एक प्रश्न होता. 'स्वतःच्या केसांचा तुम्हाला अभिमान आहे का? छातीवर हात ठेवून सांगा.' हे उत्तर ज्याचं त्यानंच द्यायचं, असं खाली स्पष्ट लिहिलं होतं. मी ट्वायलाच्या नावानं लिहिलं — हो. खूप.

अभिमान हे पाप. तिला पाळण्यापासून तेच शिकवलं. आणि आज मीच तो तिच्या तोंडी घातला. निदान 'खूप' लिहायला नको होतं.

५ मार्च

नवऱ्याला, डेल्बर्टला, सांगितलं नाही. तो म्हणेल, पोरीला विचारलंस का? नाही विचारलं!

८ मार्च, रविवार

घेतलं तिला! काल वाचनालयात उत्तर बघितलं. पुढच्या शनिवारी समारंभ, घरच्यांना आमंत्रण. ट्वायलाला अजून कळू दिलेलं नाही — तिच्या प्रयोगशाळेतली मैत्रीण मार्गिट तिला काहीतरी निमित्त करून आणणार. गंमत!

राहवलं नाही. चर्चमध्ये साक्ष द्यायच्या वेळी उभी राहिले. म्हटलं, "विद्यापीठानं माझ्या मुलीचा न कापलेल्या केसांसाठी सन्मान केलाय. एवढ्या शिकलेल्या लोकांत राहून तिनं देवाचा शब्द राखला." आमेन, आमेन! पास्टर क्लाइडचे डोळे भरून आले. सिस्टर नोलाच्या दोन्ही सुनांनी केस कापलेत. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मला ते दिसलं. आणि बरं वाटलं.

बरं वाटलं, तेच आता बोचतंय. डेल्बर्टची नदीवरच्या जलद्वारावर रविवारची पाळी असते, म्हणून तो तिथे नव्हता. नव्हता ते बरंच झालं.

बाहेर पडताना नोला म्हणाली, "मी नेते तुला गाडीनं. मलाही बघू दे की सन्मान कसा असतो."

१० मार्च

उपास धरला. पोटाचा. जिभेचा धरायला हवा होता.

१४ मार्च, शनिवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

निघताना डेल्बर्टला एवढंच सांगितलं, नोलाबरोबर ट्वायलाला भेटून येते. तो बूट घालता घालता थांबला. "फोन करून जा गं. पोरीला असं अचानक आवडत नाही." हो म्हटलं. केला नाही.

विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीचं तळघर. आत शिरलो तर — केसच केस! पुरुषांचे! एकाचे शेळीच्या लोकरीसारखे, एकाचे खांद्यावर पसरलेले, एकानं तर दाढीलाही रिबीन बांधलेली. त्याची वेणी कमरेपर्यंत, गळ्यात पदकासारखा कंगवा लटकावलेला. तो मंडळाचा अध्यक्ष, डॉ. फेनविक. भूकंपांचा अभ्यास करतो.

"या, या! केसांच्या मातोश्री आल्या!" माझ्या हातातला सफरचंदाचा केक घेत म्हणाला. "आणि हे आमचे खजिनदार." एक साफ टकला माणूस वाकून हसला. "टक्कल आहे म्हणून तर तिजोरी त्यांच्याकडे. कंगव्यांवर उधळणार नाहीत!"

सगळे हसले. भिंतीवर कापडी फलक — 'केस गळेपर्यंत अभिमान बाळगा'. नोला माझ्या कानाशी आली. "ऑर्फा, यात देवाचा शब्द कुठल्या बाजूला राखलाय गं?"

तेव्हा कळलं. थट्टेचं मंडळ! चांगल्या मनाची थट्टा, कुणाला दुखवणारी नाही. त्यांनी ते कधी लपवलंही नव्हतं. पानावर सगळं होतं, मीच केसांपुढे काही वाचलं नाही. आणि अशा थट्टेची मी देवासमोर उभी राहून साक्ष दिली.

तेवढ्यात दार उघडलं. मार्गिटनं ट्वायलाला हाताला धरून आत ओढलं. सगळ्यांनी टाळ्या सुरू केल्या. आत उकडत होतं. ट्वायलानं डोक्यावरची लोकरी टोपी काढली.

मुलग्यासारखे केस. कानावर एका बाजूला तर नुसती खुंटं.

"केस कुठे गेले तुझे?" मी ओरडले. टाळ्या थांबल्या.

"आई? तू इथे काय करतेस?"

"नाताळात अंबाडा होता! रुमालाखाली होता, मी डोळ्यांनी बघितला!"

"विकतचा होता, आई." एवढं हळू म्हणाली.

फेनविक बिचारा मध्ये पडला. "काही बिघडलं नाही! आमच्या नियमात लांबी कुठेच नाही. अभिमान तेवढा हवा. आणि तो तर तुम्ही लिहून दिलाय —" त्यानं कागद वर धरून वाचलं. "'हो. खूप.'"

ट्वायलानं माझ्याकडे बघितलं. मी नोलाकडे बघितलं. नोला केकच्या फॉइलकडे बघत होती.

"तो तुझा होता, आई," ट्वायला म्हणाली. "माझा कधीच नव्हता."

मार्गिट पुढे झाली. "काकू, अहो, तिचं त्या दिवशी —"

"नको, मार्गिट." ट्वायलानं टोपी घातली आणि गेली. मला तिच्यामागे धावता आलं असतं. लोक बघत होते म्हणून धावले नाही.

परतीच्या वाटेवर नोला नुसतं हवेबद्दल बोलत राहिली. नोला!

१५ मार्च, रविवार

चर्चला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. हेही खोटंच.

१८ मार्च, बुधवार

न जाऊन किती दिवस चालणार? गेले. नोलानं कुणाला काही सांगितलं नसावं. पण पास्टरनी विचारलं, "समारंभ कसा झाला?" आणि माझं मलाच आवरलं नाही. सगळं सांगून टाकलं, रडले. ते म्हणाले, "सिस्टर ऑर्फा, ट्वायलाचं नाव प्रार्थनेच्या फळ्यावर लिहू या? वाट चुकलेल्यांत?" मी मान हलवली. सगळ्यांसमोर खडूनं लिहिलं.

डेल्बर्टला घरी सांगितलं. या माणसाचा आवाज मी लग्नापासून कधी चढलेला ऐकला नव्हता.

"पोरीला फळ्यावर टांगलीस? का कापले ते तरी विचारलंस तिला?"

"काय विचारायचं? आपली लाज वाटत असेल तिला. तिथल्या लोकांत."

तो उठला. कुऱ्हाड घेतली. बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला. लाकडं भरपूर आहेत! वसंत आलाय!

२० मार्च

खर्च लिहायला बसले. सफरचंदं, लोणी, साखर. भांडं कोलंबसलाच राहिलं. त्यांनी केक खाल्ला असेल का?

२४ मार्च, मंगळवार

ती फोन उचलत नाही. निरोप ठेवला. "ईस्टरला घरी ये, बाळ. भाजलेलं हॅम करते, तुझ्या आवडीचं. फक्त येताना रुमाल बांध. नाहीतर तो विकतचा अंबाडा लाव." ठेवल्यावर कळलं, काय बोलले ते. जिला खोटं बोलू नको म्हणून वाढवली तिला मीच सांगतेय, खोटं डोकं लावून ये. पण बोललेलं पुसता येत नाही त्या यंत्रावरचं.

२५ मार्च

उत्तर आलं. "मी येत नाही. हवं तर अंबाडा पोस्टानं पाठवते."

दोन वाक्यं. पोरगी माझ्यासारखीच काटकसरी.

२९ मार्च, ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार

सगळे बाहेर पडल्यावर मागे राहिले. फळ्यावरचं 'ट्वायला' बाहीनं पुसत होते. वळले तर दारात नोला.

वाटलं, आता सगळं चर्च गोळा करणार. ती जवळ आली. "कोपरा राहिलाय बघ. दे इकडे." रुमाल थुंकीनं ओला करून तिनंच पुसला.

तिच्या सुनांची नावं त्या फळ्यावर अख्खा हिवाळा होती. दर बुधवारी आमेन म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा. नोलाला ते आठवत नसेल असं कसं होईल? म्हणाली, "माझ्याकडे ईस्टरला येतात दोघी. यायच्या बंद झाल्या होत्या. मग एक दिवस मी केसांचं विचारायचंच थांबले." 

खडूनं माखलेली बाही झटकत मी बाहेर पडले. साधं थँक्यूसुद्धा न म्हणता.

२ एप्रिल, गुरुवार

डेल्बर्टनं आज सांगितलं. नोव्हेंबरात भावाचं छप्पर नीट करायला म्हणून गेला होता, ते छप्पर नव्हतंच. ट्वायलाचा अंबाडा सुटून केस शिंपले कापायच्या यंत्रात ओढले गेले होते. कानावरची कातडी सोलून निघाली. मार्गिटनं कात्री घेऊन केस कापले, म्हणून पोर हाती लागली. डेल्बर्ट इस्पितळात तिच्या उशाशी बसून होता.

म्हटलं, "आणि मला सांगितलं नाहीत? मी आई आहे तिची!"

"तिनं वचन घेतलं होतं माझ्याकडून." कॉफीच्या कपाकडे बघत बोलत होता. "म्हणाली, आई आधी केसांचं विचारेल."

"मी? लेकरू मरता मरता वाचलं, आणि मी केसांचं —"

बोलता बोलता त्या तळघरातला माझाच आवाज मला ऐकू आला.