चेंडू हातात आला तेव्हा

६ सप्टेंबर
यंदाच्या कॅलेंडरात तिथी मुंगीच्या पायाएवढ्या छापल्यात. आज एकादशी की द्वादशी, कळेना. मुद्रकाचा निषेध. सौ. म्हणाली, "मला तर दिसतंय की." तिचाही निषेध.
उद्या धाराशिवला मुलींची बास्केटबॉल फायनल. आमची मुरुमची शाळा वि. सास्तूरची. पंच कमी पडले, म्हणून शिट्टी माझ्याकडे. वर्गात संस्कृत, मैदानात शिट्टी. ऐकणारे दोन्हीकडे बेताचेच.

७ सप्टेंबर
सास्तूर एका गुणानं जिंकलं. अगदी शेवटी त्यांच्या रोहिणीनं धावत पास घेतला, पुढं दोन पावलं, बास्केट. शिट्टी वाजवली नाही. आमचे क्रीडाशिक्षक बिराजदार अंगावरच आले. "सर, टप्पा न देता तीन पावलं झाली की. ट्रॅव्हलिंग हाय हे." बास्केट दिली ती दिली.
परतीच्या जीपमध्ये सगळ्यांनी शेंगा खाल्ल्या. शेंगांची पुडी माझ्यापर्यंत आलीच नाही.

९ सप्टेंबर
बिराजदारांची तक्रार जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे गेली. माणसाचा जन्म खो-खोत गेला, नजर कायम पायांवर. अख्ख्या जिल्ह्याचं तेच. म्हटलं, आधी हात बघा. चेंडू हातात येतो तेव्हा टेकलेला पाय मोजायचा नाही; त्यापुढं दोन पावलं. बळीनं वामनाला तीन दिली, तुम्हाला दोन देववेनात? हसले नाहीत.

११ सप्टेंबर
मुख्याध्यापकांनी बोलावलं. नजरचूक झाली एवढं लिहून द्या, फेरसामना होईल, आपल्या पोरी विभागीयला जातील. नाही म्हणालो. तुम्ही शाळेचे की सास्तूरचे? म्हटलं, शिट्टी तोंडात असताना कुणाचाच नव्हतो. चहा न घेता उठलो. चहा तसाही मागवला नव्हता.

१२ सप्टेंबर
सास्तूरच्या सरांच्या फोनवरून रोहिणी. "सर, समदे म्हणायलेत म्या ट्रॅव्हलिंग केलं. केलं का हो?"
"नाही."
"तुमी बघितलं ना पण?"
"बघितलं."

१३ सप्टेंबर
उद्या तक्रारीची सुनावणी. बास्केट बरोबर, हेच सांगणार. लिहून काही देणार नाही. शाळेनं काय करायचं ते करावं.
सकाळी उजवा डोळा झाकून कॅलेंडरपुढं उभा राहिलो. तिथी सोडा, तारीखही पुसट. रोहिणी डावीकडून आली होती. पाय दिसले, नक्की. चेंडू हातात कधी आला, ते मी पाहिलं की गृहीत धरलं...
नियमाची शंका नाही. या डाव्या डोळ्याची भीती वाटते. सौ.ला अजून सांगितलेलं नाही.