साहेबांचा पाय

चिमणे,

तू कसायाच्या पिंजऱ्यातून सोडवून आणलेला ससा, आपले साहेब, गेले. पंधरवडा झाला. दर रविवारी तू फोनवर म्हणतेस, "बाबा, साहेबांना दे ना." मी फोन रिकाम्या टोपलीजवळ धरतो. ससे बोलत नाहीत, रागावले की नुसता मागचा पाय आपटतात, म्हणून निभावतं. तू म्हणतेस, "साहेब, रागावलात वाटतं? आपटा की पाय!" मग मी चपलेने फरशीवर थाप मारतो आणि तू खळखळून हसतेस. त्या परक्या गावात आठवडाभरात तेवढंच हसू येतं, असं तूच म्हणाली होतीस.

आता थकलोय गं. खरं सांगून मोकळं व्हावं, म्हणून हे लिहायला बसलो. पण उद्या रविवार आहे. चप्पल टोपलीशेजारीच ठेवली आहे.

तुझा,
बाबा