काळ्या कागदावरची धूळ

चि. टिल्लूस,

(साठी आली तरी मला तू टिल्लूच.) ताईचे आशीर्वाद. पाठ कशी आहे? औषध वेळेवर घेत नसशीलच, म्हणून विचारत बसत नाही, घे. मी ठणठणीत आहे. तुझे भाऊजीही बरे आहेत, आणि त्याचसाठी हे पत्र.

हात थरथरायला लागले म्हणून यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं, तेव्हापासून हे नुसते खिडकीशी बसून असत. चार महिने ‘हो’, ‘नको’ आणि ‘चहा’ एवढ्या तीन शब्दांवर आमचा संसार चालला होता. रागावून पाहिलं, गोड बोलूनही पाहिलं (ते मला जमत नाही, हे लगेच उघड झालं). अशात तुझं पाकीट आलं. बाहेरची वस्तू पुसल्याशिवाय घरात घ्यायची नाही, हा माझा नियम. आत काळा कागद, त्यावर पांढरट धूळ. म्हटलं, हा मुलगा जन्मात स्वच्छता शिकायचा नाही! ओल्या फडक्याने कागद लख्ख केला आणि मग सावकाश तुझी चिठ्ठी उघडली. ‘ताई, कागदावरची पूड म्हणजे अळंबीचे बीजाणू. त्यावर फुंकरसुद्धा मारू नकोस.’ (मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे, हे इथे कृपा करून आठवू नकोस.) चिठ्ठी मी मोठ्याने वाचली असावी, कारण पुरावा नाहीसा करावा म्हणून फडकं नळाखाली धरणार, तोच मागून आवाज आला, “थांब! धुऊ नकोस!” चार महिन्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य, आणि तेही माझ्यावर खेकसून. इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

मग माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात पेंढा उकळला, फडक्याच्या चिंध्या करून त्यात कालवल्या आणि दोन पिशव्या न्हाणीघरात टांगल्या. महिनाभर मी अंग चोरून आंघोळ केली. हे रोज डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून तपासणी करत. एका पिशवीला हिरवी बुरशी धरली. “ही टाकून दे,” म्हणाले, “पण दुसरीला हात लावलास तर याद राख!” सवा महिन्याने त्या दुसरीला करड्या अळंबीचे झुपकेच्या झुपके फुटले. ते यांनी स्वतः खुडले. मी हातांकडे बघतेय हे कळलं, तेव्हा म्हणाले, “हिला हात थरथरलेला चालतो.” त्यानंतर शेजारच्या शिंप्याला बोलावून तासभर व्याख्यान दिलं. तो बिचारा मापं घ्यायला आला होता.

भावंडांत आभार मानायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून एकदाच लिहिते: टिल्लू, तुझे फार उपकार झाले. पुन्हा मागू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. फडक्याची गोष्ट तुझ्या बायकोला सांगू नकोस. ‘पदवीधर वन्सं’ म्हणून ती मला जन्मभर चिडवेल.

ता. क. २. आपली अळंबी मला मुळीच आवडली नाही. दोनदा वाढून घेतली, ते यांच्या समाधानासाठी.

ता. क. ३. मुद्द्याचं राहिलंच. तिसरा बहर काल संपला, पिशवी रिकामी झाली. आज सकाळी यांनी दोनदा विचारलं, “आता काय?” उलट टपाली आणखी बीजाणू पाठव, आणि ते तू आपणहून पाठवलेस असंच लिही. मात्र ही झटपट येणारी जात नको. एखादी चांगली वर्षभर वाट बघायला लावणारी बघ.