लालबाईच्या दारातला काळा मासा

बुधवार, सात तारीख

धाकटे,

आशीर्वाद. इकडे माझे गुडघे सोडून सगळं ठीक आहे. तूही बरी असशील असं धरून चालते. नसतीस तर तुझ्या जावयानं कळवलं असतं, वाईट बातमी कळवायला तो फार तत्पर. अकरा वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. आणि अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर माझ्या हातात लेखणी कमी आणि रंगाची काठी जास्त होती, हे तुला माहीत आहे.

माझ्या नातीनं मला वैताग आणलाय, म्हणून लिहिते. चार वर्षं चित्रकला शिकून आली. मला वाटलं, आता कुठंतरी पंख्याखाली बसून काम करेल. तर म्हणते, "आजी, मला आपल्या गल्लीतच काहीतरी करायचंय." म्हटलं, "गल्लीत करायचं ते आम्ही चाळीस वर्षं करतोय, कपडा रंगवतोय. तू आणखी काय करणार?" तर म्हणाली, "नाला."

तुझ्या वेळचा नाला आठवतो ना? आपण धोतरं-चादरी लाल काढल्या की लाल, निळ्या काढल्या की निळा. पोरं पाणी बघून वार सांगायची आणि आपण हसायचो. खाली भाजीवाला माळी होता, त्याच्या पाल्याच्या कडा काळ्या पडायच्या. दोनदा भांडायला आला. आपण त्याला चहा पाजून परत पाठवला. तू मात्र हसली नव्हतीस. असो.

तर नातीनं गाठलं कोपऱ्यावरच्या कुंभारणीला. नवऱ्यामागं भट्टी एकटी चालवते, हिशेबी आणि तोंडाची फटकळ, म्हणजे माझ्याच जातकुळीची. दोघींनी मिळून दुकान काढलं. गल्लीतल्या सगळ्या रंगाऱ्यांचा कपडा एका छताखाली आणि प्रत्येक ताग्याला मातीचा बोटभर मासा बांधलेला. गिऱ्हाईक लांबून यायला लागलं. अट एकच. भांड्यातलं उरलेलं पाणी नाल्यात सोडायचं नाही, गल्लीच्या टोकाला बांधलेल्या टाकीत ओतायचं. तिथं वाळू आहे, कोळसा आहे, पाणी गाळून मग पुढं जातं.

आणि अट पाळली की नाही ते कसं कळणार? इथंच त्या कारटीचं डोकं बघ. कुंभारणीनं पांढऱ्या मातीचे हातभर मासे केले, वरून चकाकी न देता भाजलेले. तसली माती रंग पिते. प्रत्येक रंगाऱ्याच्या मोरीसमोर नाल्यात एकेक मासा दोरीनं टांगला. दर रविवारी ते काढून भिंतीवर ओळीनं मांडायचे. पांढरा राहिला तर तुमचा कपडा दुकानात. रंगला तर कपडा बाहेर, सहा महिने. भाषण नाही, दंड नाही, कुणी येऊन दरडावणं नाही. तीस वर्षं जी गल्ली कुणाच्या बापाला जुमानत नव्हती, ती हातभर मातीला घाबरायला लागली. माणसं सकाळी उठून आधी आपला मासा बघायची, मग तोंड धुवायची.

मी आधी म्हटलं, पोरखेळ आहे. मग गल्लीच्या सभेत सगळ्यांच्या आधी हात वर केला. नातीची आजी ना मी!

आता आपलं काळ्या रंगाचं भांडं किती मोठं आहे ते तुला सांगायला नको. बावीस बादल्या निघतात. टाकी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. महिनाभर वाहिल्या. मग एके सकाळी गुडघ्यानं जागच्या जागी संप पुकारला, आणि मी मोरीचा बोळा काढून पाणी नाल्यात सोडलं. एकदाच, म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा एकदाच.

लिहितेच आता. शनिवारी उजाडता उजाडता बघितलं तर माझा मासा कोळशासारखा. समोरच्या लालबाईचा पांढरा शुभ्र. लालबाई आठवते का? तू गेलीस तेव्हा नवी नवरी होती, लाल सोडून दुसरा रंग येत नव्हता. आता दोन पोरींना घेऊन एकटी आहे. याच हंगामात तिनं काळ्याचं पहिलं काम घेतलं होतं. म्हणजे तिच्या दारात काळा मासा दिसला तर कुणी नवल करणार नव्हतं. हे माझ्या डोक्यात आलं. कसं आलं विचारू नकोस, आलं. मी दोन्ही मासे सोडले आणि अदलाबदल करून बांधले.

रविवारी सभेत लालबाईचा मासा वर आला तो काळा. लोक काय सोडतात? "लालबाई, आता काळीबाई झालीस की!" ती उठली. म्हणाली, "मी रोज टाकीत ओतते, विचारा कुणालाही." नातीनं मासा तिच्या हातात दिला. लालबाईनं दोरी बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "असेल. सांडलं असेल माझ्याकडून."

दोरी का बघितली, कळलं का तुला? मी गाठ मारली होती ती आईची. लडी बांधायची, अंगठ्याभोवती फिरवून मधून शेपूट काढायची. आपल्या दोघींशिवाय ती गाठ या गल्लीत कुणाला येत नाही, आणि मला दुसरी येत नाही. चोरी करतानासुद्धा हातानं आपलं काम चोख केलं.

सोमवारी नळावर तिला एकटीला गाठलं. म्हटलं, "तुझं तोंड शिवलं होतं का?"

"मावशी, तुमचं वय बघून गप्प बसले. या वयात सगळ्यांसमोर कशाला?"

"माझ्या वयाला काय झालंय?"

"काही नाही. तुम्ही बसा जरा, भरते मी तुमचा हंडा."

माझा हंडा भरते! धाकटे, मला शिव्या घातल्या असत्या तर मी दोन परत घातल्या असत्या आणि संपलं असतं. तिचा कपडा दुकानातून निघालाय, पोरींची शाळा त्यावर चाललीय, आणि ही मला बसवून पाणी भरून देते. तीन दिवस मला जेवण गोड लागत नाही. नात विचारते, "आजी, बरं नाही का?" तिच्याही डोळ्याला डोळा देता येत नाही. तिला गाठ कळलीय की नाही, देव जाणे. लहानपणी तिची वेणी मी त्याच गाठीनं बांधायचे.

हे पत्र टाकत नाही अजून. रविवारी सभा आहे.

रविवार, अकरा तारीख

सांगितलं.

उठले, आणि म्हटलं, "तो मासा माझा आहे." लोकांना वाटलं म्हातारी लालबाईची बाजू घेते. कुणी म्हणालं, "आजी, बसा, तुमचं मन मोठं." मला असा संताप आला! खरं बोलायला उभं राहावं तर तिथंही मोठेपणा चिकटवतात. मग कुंभारणीच्या हातातली दोरी ओढून घेतली, सगळ्यांसमोर ती गाठ मारली आणि काळ्या माशाच्या दोरीशेजारी धरली. दोन्ही गाठी एकच. लालबाई रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस कशाला, कपडा परत ठेव दुकानात." तशी रडता रडता हसली.

नातीनं सगळ्यांसमोर नियम वाचला. माझा कपडा बाहेर, सहा महिने. शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. घरी आल्यावर मला म्हणाली, "आजी, मला गेल्या रविवारीच कळलं होतं. तू कधी बोलतेस याची वाट बघत होते." म्हटलं, "आणि नसते बोलले तर?" म्हणाली, "तर मी दुकान बंद केलं असतं." बघ, ही माझी नात. थोबाडीत मारावी की मिठी मारावी कळेना, म्हणून भांडी घासत बसले.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. माझा काळा माझा नाही. डाळिंबाच्या साली आणि गंजलेलं लोखंड आंबवून तू काढायचीस, त्यानं माळ्याचं पान कधी जळलं नव्हतं. काम वाढलं तेव्हा मीच डब्यातली पूड आणली, कारण तुझ्या काळ्याला बारा दिवस लागायचे आणि पुडीला एक दुपार. तू म्हणालीस, हे पाणी खाली जाऊन कुणाला तरी जाळेल. मी म्हणाले, मग तू जा. अकरा वर्षं लोक तुझ्या काळ्याचं नाव घेऊन माझी पूड विकत घेत होते आणि मी मान डोलवत होते.

लालबाई शिकायला तयार आहे. नात तर वहीच घेऊन बसलीय. पण ते पाणी कधी तयार झालं हे तू वासावरून ओळखायचीस, आणि वास काही पत्रातून लिहून येत नाही. मी सहा महिने रिकामी आहे. तुझी खोली तशीच आहे म्हणणार नाही, तिथं मी पुडीचे डबे ठेवले होते. काल काढले. धुतली.

तू पिशवी घेऊन दारात उभी होतीस, तेव्हा मी पाठ करून भांडं ढवळत होते. ढवळायला त्यात काही नव्हतं, नुसतं पाणी होतं.

तुझी,
थांब न म्हणालेली
ताई