उतरवलेल्या तीन तारा

४ मार्च

चि. खारुताईस,

अ. उ. आ. वि. वि. पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोनवर तिसऱ्या वाक्याला आपली जुंपते, म्हणून बाबांचा नियम पाळतोय: राग आला तर कागदावर काढायचा, पाकीट चिकटवेपर्यंत निम्मा ओसरतो.

परवा क्लासमधल्या एका मुलीने मला फोनवर एक वादन दाखवलं. बाबांची ती बिननावाची धून. वाजवणारीचे फक्त हात दिसत होते, पण अंगठ्यावरचा तो कात्रीचा व्रण मी हजारांत ओळखेन, कारण कात्री मीच फेकली होती. मुलगी विचारत होती की सर, हे आपण कधी शिकणार. मी सांगितलं की हे शिकण्यासारखं नाही, गिटार बेसूर आहे.

आणि आहेच. सहावी, दुसरी आणि पहिली, तिन्ही तारा एकेक सूर खाली आल्यात. त्या गिटारच्या खुंट्या पहिल्यापासून ढिल्या. वीस वर्षं प्रत्येक भेटीत मी ती सुरात लावून द्यायचो आणि पुढच्या भेटीला ती पुन्हा उतरलेली असायची. माझ्याकडे पाठवून दे, खुंट्या बदलतो. एकही दिवस क्लासला न बसता तू एवढं वाजवतेस याचं कौतुक आहे. तुझी वहिनी म्हणते की हे कौतुक करताना माझे दात वाजत होते. तिकडे लक्ष देऊ नकोस.

लोभ असू दे, आणि कानही जागा असू दे.
तुझा दादा

११ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र चष्म्याच्या दुकानात, काचा घासता घासता वाचलं. एक काच वाया गेली, ती तुझ्या नावावर.

दादा, तारा उतरल्या नाहीत, बाबांनी उतरवल्या होत्या. ते गेल्यावर चार महिने मी गिटारची पेटी उघडली नाही. उघडली तेव्हा एकही बोट न दाबता नुसता अंगठा फिरवला, तर धुनीचा पहिला सूर आपोआप उमटला. मग पहिली तार तुटली आणि माझी पाचावर धारण बसली. नवी तार लावून कितपत ताणायची हे सांगणार कोण? दोन संध्याकाळी ती चौथीशी जुळवत बसले तेव्हा कळलं, ती चौथीचाच वरचा सा आहे. मग बाकीच्याही उलगडल्या: सा प सा म प सा. आनंद की दुःख हे ठरवणारा गंधार कुठेच नाही, म्हणून ती हसतही नाही आणि रडतही नाही. बाबा म्हणायचे की ही म्हणजे दोन मजल्यांच्या मधे थांबलेली लिफ्ट. वरचा मजला दिसतो, खालचाही दिसतो, आणि आत अडकलेले सोडले तर घाई कुणालाच नाही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

गिटार पाठवतेय. पण पंचवीस एप्रिलला बाबांच्या कामावरचे लोक जमणार आहेत आणि त्यांनी ती धून मागितलीय. त्याआधी मला ती परत हवी. गिटार कुणाची, हे बाबांनी सांगून ठेवलं नाही, म्हणून हे कागदावर घालतेय.

माया पातळ करू नकोस.
खारू

२ एप्रिल

चि. खारुताईस,

अ. उ. आ. वि. वि. गिटार पोचली. पेटी उघडली आणि हात आपोआप खुंट्यांकडे गेले. तिन्ही तारा वर चढवून मोकळा झालो, तेव्हा तुझं पत्र आठवलं. पुन्हा उतरवल्या.

दोन आठवडे झाले, मला धून येत नाही. माझी बोटं जिथे पडतात तिथे आता दुसराच सूर असतो. नेहमीची पकड धरावी तर ती ओरडते. भिंतीवरची माझी प्रमाणपत्रं बघत राहतात आणि मी नवशिक्यासारखा एकेक तार चाचपतो. तू दुकान सांभाळून, एका बोटाने ते केलंस. खरं सांगतो, तुझं वादन मी पुन्हा पुन्हा लावतो ते चूक सापडावी म्हणून. सापडत नाही.

त्याहून जास्त दुसरं जळतं. बाबा दर वेळी गिटार माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे की घे, बघ जरा, बिघडलीय. मी ऐटीत नीट करायचो. चांगल्या गिटारची मी वीस वर्षं दुरुस्ती केली आणि त्यांनी एकदाही सांगितलं नाही. तुला मात्र लिफ्टचा दाखला देऊन समजावलं.

नव्या खुंट्या अजून आलेल्या नाहीत. पंचवीस तारखेपर्यंत होईल असं वाटत नाही. तू दुसरी एखादी गिटार बघ.

लोभ आहे, फक्त सध्या घुसमटलाय.
दादा

८ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. खुंट्या मी गेल्या वर्षीच बदलल्यात, चकचकीत आहेत. तरी तू मागितलीस म्हणून पाठवली, म्हटलं बघू कुठवर ताणतोस. तुला खोटं बोलणं लहानपणीही जमलं नाही.

आता माझी जळजळ ऐक. मी एकदा बाबांना विचारलं होतं की दादाला खरं का सांगत नाही. ते म्हणाले की सांगितलं तर तो चहा पिऊन निघेल. तारा लावतो तेवढी दहा मिनिटं तरी शेजारी बसतो. तू गेलास की ते हळूच तिन्ही तारा पुन्हा उतरवायचे, तुझ्या पुढच्या भेटीची तयारी म्हणून.

मी रोज घरात होते, दादा. औषधं, दवाखाना, बिलं, सगळं मीच बघत होते. पण माझी वाट कुणी पाहिली नाही. गिटार माझ्या हातात देऊन बघ जरा असं मला कधी कुणी म्हटलं नाही. मी दारातून ऐकत राहायचे. धून मला शिकवलेली नाही, ती मी दारात उभी राहून चोरलीय. तुझ्या त्या दहा मिनिटांचा मी इतकी वर्षं हेवा केला, आणि तू माझ्या एका बोटाचा करतोस!

गिटार ठेवायची तर ठेव. मी पंचवीस तारखेला नाही म्हणून कळवते.

यापुढे लोभ मागत नाही, असेल तर तूच कळव.
खारू

१४ एप्रिल

चि. खारुताईस,

अ. उ. आ. वि. वि. कुणालाही नाही म्हणून कळवू नकोस.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. तिने माझी बॅग काढून ठेवली. क्लासमधल्या त्या मुलीलाही सांगून टाकलं की ते बेसूर नव्हतं, मला येत नव्हतं. ती इतकी खूश झाली की मला पुन्हा राग आला.

रविवारी येतोय, गिटार घेऊन. पंचवीस तारखेला ती तूच वाजवायची, मी मागच्या खुर्चीवर बसेन. जळेन थोडासा, ते चालवून घे.

एक मात्र सांगतो. तिन्ही तारा मी मुद्दाम वर चढवून आणतोय. आल्या आल्या गिटार तुझ्या हातात देणार आणि म्हणणार की घे, बघ जरा, बिघडलीय. मग शेजारी बसणार. घाई करू नकोस.

तुझा दादा