डिलीट झालेले व्हिडिओ

संबोधीचे बाबा,

तलाठी परीक्षेचे मी विकत घेतलेले व्हिडिओ गायब झाले, तवा तुमी म्हनले, ऑनलाइनवाले लुच्चेच असतात. काल मी त्या क्लासवाल्यायले फोन करून लय वाईट बोलली. तिथल्या पोरीनं दहा मिनिटात सगळे व्हिडिओ परत आनून देल्ले. मंग सांगतलं का माह्या खात्यातले ते व्हिडिओ माह्या नाही, तुमच्या मोबाइलवरून डिलीट झालते. मी तिची माफी मांगतली.

भाकरी टोपल्यात आहेत, वरन गरम करून घ्या. मी संबोधीले घेऊन मोर्शीले आईकडं चालली. परीक्षा तिथूनच देईन.

व्हिडिओ परत आले. आमी दोघी येनार नाही. त्याच्यासाठी तुमी कोनाले फोन लावता, लावा.

– ललिता