हिंदुरावांच्या आमराईची जागेवर चौकशी

आणि भाऊजी, 'नकाशा तं दहा रुपयाले दुकानात भेटते, तो शिकाले दोन वर्षं कायले लागते' हे तुमचं वाक्य मी तीन महिने फोनवर ऐकतोय. दर वेळी उत्तर द्यायला मी तोंड उघडलं की तुमच्याकडची रेंज जाते. शालूताईच्या कानाशी तोच फोन असला की रेंज असते, तुमच्या कानाशी गेला की जाते. म्हणून हे पत्र. पत्राची रेंज जात नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस थोडं वाचतोच.

नमस्कार लिहायचा राहिला, तो इथं करून घेतो. तीर्थस्वरूप ज्ञानदेवभाऊजींना धाकटा मेहुणा भैरू याचा पुण्याहून शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ताईनं सांगितलेलं तेल लावता की बाटलीच उशाशी ठेवून झोपता? म्हैस व्याली का? मी इथं ठीक आहे. घरमालकीणबाई चांगल्या आहेत, रागावत नाहीत, फक्त बोलतात. परवा माझा नळ टपकत राहिला तर दारात येऊन म्हणाल्या, "अहो, खडकवासल्याचं धरण तुमच्या बादलीत रिकामं करायचं ठरलंय का?" आणि गेल्या. मी अजून त्याच वाक्यात उभा आहे.

माझ्या नोकरीबद्दल तुम्ही विचारणारच. चाकणचा कारखाना सोडला (कारखान्यानं मला सोडलं असं चाकणला म्हणतात, पण तुम्ही माझं ऐका). आता सुमो चालवतो. ती सुमो एका कॉलेजनं भाड्यानं लावली आहे, आणि त्या कॉलेजात नेमकं तेच शिकवतात, जे तुमच्या मते दुकानात दहा रुपयाला भेटते. योगायोग बघा. मी नववीला दोनदा बसलेला माणूस, आणि माझ्या गाडीत रोज एम.एस्सी.ची पोरं. कॉलेजचा एवढा जवळून अनुभव मला शाळेतसुद्धा आला नव्हता.

तर तुमचं म्हणणं खरं आहे, हा अभ्यासक्रम फालतू आहे. हे मी स्वतः बघून लिहितो. आभाळातून सॅटेलाइट फोटो काढतो. त्या फोटोचे ठिपके कॉम्प्युटरला देतात आणि सांगतात, असा दिसला तर ऊस, तसा दिसला तर घर, निळा दिसला तर पाणी. कॉम्प्युटर बिचारा रात्रभर रंग लावतो. मग सकाळी विजयमाला मॅडम (पोरांच्या गुरू, बोलतात हळू, पण पोरं पळतात जोरात) म्हणतात, चला, हे खरं आहे का ते जागेवर जाऊन बघू. म्हणजे कोट्यवधीचा सॅटेलाइट, लाखाचा कॉम्प्युटर, आणि शेवटी भरवसा कुणावर, तर माझ्या सुमोवर. मी मॅडमना म्हणालो, हे आमच्याकडच्या लग्नासारखं झालं. आधी मुलाचा फोटो बघायचा, मग कुणीतरी गावात जाऊन पानाच्या टपरीवर विचारायचं. मॅडम म्हणाल्या, "भैरू, तुम्हाला विषय समजला. आता गिअर बदला, गाडी रडतीये."

लग्नावरून आठवलं. तुमच्या उत्कर्षानं भूगोलाची बी.एस्सी. पहिल्या वर्गात काढली आणि पुण्याला जाऊन पुढं हेच शिकते म्हणाली, तेव्हा तुम्ही तिला अकोल्याला बी.एड.ला धाडलं आणि दिवाळीनंतर लोणी काळभोरचं स्थळ पक्कं करायचं ठरवून टाकलं. मुलगा ऋषी, खराडीला कॉम्प्युटर कंपनीत. वडील हिंदुराव. आणि परिचयपत्रात मुलाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात, 'हायवेलगत तीन एकर जुनी आमराई व शेततळे.' बाकी तुम्ही काही वाचलं नाही, हे मला माहीत आहे. आमराई वाचली आणि तुमचं मन तिथंच झोपाळा बांधून बसलं. मला हुकूम आला, तू रिकामाच फिरतोस, जाऊन चौकशी करून ये. तर भाऊजी, चौकशी झाली. मी एकटा गेलो नाही, एक अख्खं कॉलेज घेऊन गेलो.

झालं असं, की कॉम्प्युटरनं लोणी काळभोरच्या बाजूला एका जागी निळा चौकोन दाखवला. गेल्या वर्षीच्या फोटोत तिथं नुसतं पडीक रान होतं. पंधरा दिवसांपूर्वीच्या फोटोतही बाकीचं रान पडीकच, फक्त मधोमध हे पाणी. मॅडम म्हणाल्या, पावसानं तर दडी मारलीये, मग तळं कुठून आलं, जाऊन बघू. गाडीत पाच पोरं. त्यातला शुभंकर पुढं माझ्याशेजारी (कोथरूडचा, चिखल आयुष्यात पहिल्यांदा बघणार होता म्हणून नवीन बूट घालून आलेला), आणि मागं टोपी घातलेली एक मुलगी, मांडीवर लॅपटॉप. तिचं नाव आत्ता महत्त्वाचं नाही.

आम्ही उतरलो. पोरांनी काठ्या, फिती, जीपीएस बाहेर काढलं आणि समोरून फेटा सावरत एक गृहस्थ पळत आले. तेच हिंदुराव. त्या भागात हल्ली नवीन रस्त्याची बोलवा आहे, आणि रस्त्यात रान गेलं तर नुसत्या जमिनीचे वेगळे, झाडांचे वेगळे, तळ्या-विहिरीचे वेगळे पैसे मिळतात. म्हणून मोजणीची गाडी येणार अशी कुणकुण लागली की पडीक रानाला रातोरात पालवी फुटते. आमची पांढरी सुमो आणि काठ्या बघून त्यांनी आम्हालाच मोजणीवाले धरलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कांदाभजी आली. भजी समोर आल्यावर खरं बोलायचं वळण आपल्या घराण्यात नाही.

हिंदुरावांनी मॅडमना रान दाखवलं. "ही आमची आमराई. आज्याच्या हातची हाय. जुनी म्हणून लिवा." आमराई माझ्या गुडघ्यापर्यंत येत होती, भाऊजी. (माझ्या. तुमच्या दुखऱ्या गुडघ्यापर्यंत आली नसती.) प्रत्येक आंब्याच्या बुडाला नर्सरीची काळी पिशवी तशीच, नुसती मातीत दडपलेली. टोपीवाली खाली वाकली, पिशवीवरची चिठ्ठी वाचली आणि अगदी गरीब आवाजात विचारलं, "काका, आजोबांनी कधी लावली म्हणालात?" हिंदुराव म्हणाले, "लय वर्सं झाली, बाय. आज्याला जाऊनच चाळीस झाली." ती म्हणाली, "मग या झाडांनी फार संयम ठेवलाय." पुण्यात चार दिवस राहिलं की पोरी अशा बोलायला लागतात. पाण्याचा दोष असावा.

मग तळं. निळंशार, काठाला विटा, बघून तुम्ही तिथल्या तिथं मुलगी दिली असती. शुभंकरनं खोली मोजायला काठी घातली, तर 'टक' असा आवाज. त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाय टाकला आणि कोरडाच्या कोरडा पलीकडच्या काठाला गेला. सपाट जमिनीवर निळा प्लास्टिकचा कागद अंथरून कडेला विटा ठेवल्या होत्या, दुसरं काही नाही. सॅटेलाइट एवढ्या उंचीवरून फसला, यात नवल नाही. तुम्ही तर वाशिमवरून फसलात.

हिंदुराव आभाळाकडं बघत होते, बहुतेक पाऊस पडून अब्रू राहते का ते बघायला. तेव्हा घरातून त्यांचा मुलगा बाहेर आला. हाच ऋषी. रात्रपाळी करून झोपलेला, डोळे लाल. त्यानं टोपीवालीकडं जरा जास्त वेळ बघितलं, आणि वडिलांच्या देखत म्हणाला, "झाडं गेल्या गुरुवारी आली, मॅडम. टेम्पोत मीच भरली. तळं त्याच्या आधीच्या आठवड्यातलं आहे. तुम्ही खरं काय ते लिहा." हिंदुराव म्हणाले, "तुला कुणी इचारलं रं?" तो म्हणाला, "कुणी नाही, म्हणूनच सांगतोय." मग मॅडमनी शांतपणे सांगितलं, की आम्ही मोजणीवाले नाही, कॉलेजचे आहोत. यावर हिंदुरावांनी उरलेली भजी आत पाठवली.

तर चौकशीचा निकाल असा. आमराई नाही, तळं नाही, घर आहे, मुलगा आहे. आता तुम्ही जो निर्णय घ्याल तो मला मान्य. मी आपला लहान माणूस, माझं काय. ताईला नमस्कार, म्हशीची चौकशी.

आपला आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
भैरू

ता. क. टोपीवाल्या मुलीचं नाव लिहायचं राहिलं. उत्कर्षा. आपलीच. अकोल्याला बी.एड. वगैरे काही नाही, ती जूनपासून इथं आहे आणि घरमालकीणबाईंच्या आतल्या खोलीत राहते (त्या तिच्याशी रागानंही बोलतात, म्हणजे जीव लावतात). पिशवी तिनं ओळखली, तळ्याचा संशय तिला गाडीतच आला होता. मला काय, निळं दिसलं की मी पोहायला उतरलो असतो. फी कुठून आली ते ताईला विचारा. तिच्या हातात पाटल्या नाहीत हे तुम्हाला दोन महिन्यांत दिसलं नाही, आणि तुम्ही म्हणता जागेवर जाऊन बघायचं शिक्षण कशाला पाहिजे.

दुसरा ता. क. ऋषीनं तिला बघताक्षणीच ओळखलं होतं, तुम्हीच पाठवलेला साडीतला फोटो त्यानं बघितला होता. तरी ती कोण हे बापाला बोलला नाही आणि आमच्यासमोर खोटंही बोलला नाही. काल तो माझ्याकडं चहाला आला. दोन वर्षं थांबायला तयार आहे म्हणतो. उत्कर्षा म्हणाली, बघू. म्हणजे नाही म्हणाली नाही. तेव्हा हिंदुरावांना तुम्ही एवढंच कळवा, की दिवाळीची घाई नको, झाडांना पाणी घालत राहा, मुलीचं शिक्षण होईपर्यंत आमराईही खरी होईल.

शेवटचा ता. क. अकोल्याच्या मेसचे म्हणून तुम्ही माझा तिथला दोस्त माधव याच्या पत्त्यावर जे पैसे दोन महिने पाठवलेत, त्यातला एक रुपया आम्ही मोडलेला नाही. पोरीनं मोडू दिला नाही. ते सोबत मनीऑर्डरनं परत करतो. घ्या, मोजा, आणि मन झालं तर तेच पैसे थोडी भर घालून, पुण्याची मेस महाग आहे, पोरीच्या खऱ्या पत्त्यावर तिच्या नावानं पाठवा. रक्कम रुपये दोन हजार चारशे फक्त.